सतरा दगड आणि तुमचं बयान

सर, तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. प्राचार्यांनी दोनदा नाव पुकारलं, मी घसा बसल्याची खूण केली. घसा ठणठणीत होता. माझ्याऐवजी जे बोलले त्यांनी तुम्हाला ज्ञानाचा महासागर केलं, चालतंबोलतं विद्यापीठ केलं, आणि एका गृहस्थांनी तर तुम्ही 'ग्रीसचं रोमन साम्राज्य' कसं रंगवून शिकवायचा तेही सांगून टाकलं. तुम्ही असता तर मागच्या खुर्चीवरून चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "पुरावा काय?" मला हसू फुटलं, त्यातूनच रडू आलं. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांना वाटलं, घशासाठी.

खरं म्हणजे मला तुमच्याबद्दल बोलायचंच नव्हतं, तुमच्याशी बोलायचं होतं. जे सांगायचं होतं ते दोन वर्षं राहून गेलं. आजही ते सरळ तोंडातून निघत नाही, म्हणून जरा मागून येते. तुम्ही नेहमी म्हणायचा, नसरीनला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. नाही येत.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, पहिल्याच तासाला तुम्ही आम्हाला विचारलं होतं, तुमच्या घरातली कोणती वस्तू अडीच हजार वर्षांनी सापडेल? कोणी सोनं म्हणालं, कोणी टीव्ही म्हणालं, सगळे खिदळले. मी छाती काढून सांगितलं, अब्बांनी बनवलेली धानाची कोठी. आरमोरीच्या बाजारात अब्बांच्या पत्र्याच्या कोठ्यांना तेव्हा नाव होतं. तुम्ही म्हणालात, "पत्रा गंजतो, कोठी जाईल. पण कोठीखाली लावलेल्या चार विटा राहतील. त्यावरून कोणीतरी म्हणेल, इथं काहीतरी जड ठेवलेलं होतं. इतिहास म्हणजे हेच आहे बेटा, विटांवरून कोठी ओळखणं." मला राग आला होता. घरी येऊन अब्बांना चुगली केली तर ते पत्रा ठोकता ठोकता हसले. "सही बोलते तेरे सर. ये पत्रा तो मेरे से पहले जाएगा." त्या दिवसापासून अब्बा तुमच्या बाजूचे झाले आणि मी घरात एकटी पडले.

मग ती खापरं. अथेन्सचे लोक नकोशा झालेल्या पुढाऱ्याचं नाव खापरावर खरडून त्याला दहा वर्षं गावाबाहेर काढायचे, हे शिकवायला तुम्ही कुंभाराकडून फुटक्या मडक्यांचं पोतं भरून आणलं. या कॉलेजातून कोणाला हाकलायचं ते लिहा म्हणालात. बहुमताने तुम्हीच हाकलले गेलात, कारण त्याच आठवड्यात तुम्ही चाचणी लावली होती. आम्ही टाळ्या पिटत असताना तुम्ही मात्र खापरं एकेक करून खिडकीतल्या उजेडात धरत होता. मग बारा खापरं वेगळी काढलीत आणि म्हणालात, "ही एकाच हातानं लिहिली आहेत. कोण गं ती?" मीच होते. गैरहजर मैत्रिणींच्या नावाने लिहिली होती. अथेन्सलाही असंच झालं होतं, मोजक्याच हातांनी खरडलेल्या खापरांचं घबाड तिथल्या विहिरीत सापडलंय, असं सांगून तुम्ही मला शिक्षा न करता खाली बसवलंत. पुढे एम.ए. झाले, तुमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, तरी स्टाफरूममध्ये तुम्ही मला 'खापरवाली' म्हणायचा.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्हाला अथेन्स आवडायचं, मला त्याची चीड यायची. घरंदाज बाई जिवंत असेल तर कोर्टात तिचं नाव घ्यायचं नाही, गुलामाची साक्ष घ्यायची ती मारहाण करूनच, आणि हे म्हणे लोकशाहीचं माहेर! तुम्ही म्हणायचा, हे तुला समजलं कुठून? त्यांनीच लिहून ठेवलं म्हणून समजलं. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचे गुन्हेही आपल्याला माहीत नाहीत. मी म्हणायची, लिहिणाऱ्यांनी फक्त स्वतःचं लिहिलं. मग तुम्ही विचारायचा, तुझ्याकडे दुसरं काय आहे? मी म्हणायची, माणसं आहेत, म्हाताऱ्या बायका आहेत, त्यांना तोंड आहे. तुम्ही म्हणायचा, तोंडाला टेकायला काहीतरी लागतं. चहा थंड व्हायचा आणि शिपाई कप उचलून न्यायचा.

म्हणूनच त्या टोल्याचं, जंगलाकडेच्या त्या छोट्या वस्तीचं, काम आलं तेव्हा आपण दोघंही हरखलो. टोल्याचं नाव इथं लिहीत नाही, दावा अजून निकाली निघालेला नाही. कुरखेड्याच्या पुढे जंगलाच्या कडेला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, कसणारी वीसेक घरं. ती आदिवासी नाहीत, त्यामुळे वनहक्काचा दावा करायचा तर तीन पिढ्यांपासून इथंच आहोत हे त्यांना सिद्ध करायचं होतं, आणि कागद कोणाकडेच नव्हता. दावा फेटाळला गेला तर बांध्या जाणार. त्यांच्या समितीचे अध्यक्ष देवाजीभाऊ सायकल हाणत कॉलेजात आले आणि म्हणाले, "सर, कागद नाई आमच्यापाशी. दगड हायेत."

तुम्ही त्या दिवशी वर्गात अथेन्सचे प्रश्नच शिकवून आला होता. पदावर निवडल्या गेलेल्या माणसाला तिथं विचारायचे, तुझा बाप कोण, आई कोण, त्यांचं गाव कोणतं, घरचे देव कुठं आहेत, पूर्वजांची थडगी कुठं आहेत, आणि याला साक्षीदार कोण. देवाजीभाऊंचं बोलणं ऐकताना तुमचा चेहरा जसा झाला तसा मी नंतर कधी पाहिला नाही. एवढी वर्षं ब्लॅकबोर्डवर लिहिलेला प्रश्न पायात चपला घालून दारात उभा होता.

टोल्यात मोठं माणूस गेलं की नाल्यातून एक दगड आणायचा आणि मोहाच्या झाडाखाली, आधीच्या दगडाच्या उजव्या हाताला रोवायचा. नाव कोरायचं नाही. नाव टोल्याच्या तोंडात राहणार. आपण गेलो तेव्हा गवत कमरेएवढं वाढलेलं होतं. देवाजीभाऊंची काकू, सोनाबाई, गवतात वाकून एकेका दगडाला हात लावत पुढे सरकत होती. "हा माहा सासरा. हे त्याची माय, जंगल पह्यल्यांदा तोडलं तवाची. हे सखू, लेकरू आडवं आलं अन् गेली." मी उतावीळपणे मध्येच विचारलं, "आणि हा तुमच्या दिराचा ना?" तर साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घातलं म्हणून तुम्ही माझ्याकडे असे डोळे वटारलेत की मी वहीत तोंड खुपसलं. सतरा दगड, सतरा नावं, त्यांत सहा बायका. परतताना बसमध्ये तुम्ही मांडीवर बोटांनी मोजत ती सहा नावं पुन्हा पुन्हा म्हणत होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुझी म्हातारी जिंकली." भांडणात तुम्ही हार मानल्याची ही एकच वेळ.

गवतामुळे फोटोंत गवतच आलं. कोणता दगड कुठं आहे त्याचा नकाशा काढायचा होता, पण तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू. "मले एकेक दगड दोन-दोन दिसून राह्यला," म्हणालात. ऑपरेशन होऊ दे, धानकापणी होऊ दे, मग निवांत येऊ, असं ठरलं.

आता ते सांगते. तुम्ही नागपूरला डोळ्याला पट्टी बांधून पडला होता, फोन बंद होता. देवाजीभाऊंनी मला फोन केला. "बाई, परवा साहेब लोक येऊन राह्यले दगड पाहाले. सर तं उचलत नाई. काय करू?" माझ्यासमोर पेपरांचा गठ्ठा होता. घाई होती, पण घाईपेक्षा फुशारकी जास्त होती, की मला विचारतायत. मी म्हणाले, "गवत काढा. दगड स्वच्छ करा, नीट उभे करा. साहेबांना एका नजरेत दिसले पाहिजेत." हे माझेच शब्द, सर. एक मिनिटाचंही बोलणं नसेल ते.

टोल्यानं दोन दिवस कामाला सुट्टी दिली. सतराही दगड उपटले, तळ्यावर नेऊन धुतले. सिमेंटचा ओटा बांधला आणि त्यावर दगड बसवले, उंच मागे, ठेंगणे पुढे, शाळेच्या फोटोत पोरं उभी करतात तसे. चुना दिला, गेरूची पट्टी ओढली. पाहणीला आलेल्यांनी ओटा पाहिला, पायाने सिमेंट टोकरून पाहिलं आणि हे तर नुकतंच केलंय म्हणून निघून गेले. त्यांचं तरी काय चुकलं? मीही तेच म्हटलं असतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही काळा चष्मा लावून माझ्यासोबत टोल्यात आलात.  सोनाबाईला ओट्यासमोर आणलं. तिने पहिल्या दगडावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. सतराही नावं तिने एका दमात म्हणून दाखवली, पण कोणता दगड कोणाचा ते तिला सांगता येईना. "हा कोनाचा व्हय? मले नाई समजत, बावा. माहा सासरा कुठी गेला?" म्हातारी दगड चाचपत रडायला लागली. तुम्ही वळून विचारलंत, "असं करायला कोणी सांगितलं?" देवाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एवढंसंच पाहिलं. मग म्हणाले, "कोनी नाई सर. आमीच केलं. पावने येतात तं घर सारवतो नं आपन."

आणि मी गप्प राहिले. पुढच्या महिन्यात कायम नोकरीची मुलाखत होती आणि निवड समितीत तुम्ही होता, हे कारण मी स्वतःला नंतर पुरवलं. त्या क्षणी मला नोकरी आठवलीच नव्हती. तुमचा काळा चष्मा माझ्याकडे वळू नये, एवढंच वाटत होतं. एका गरीब माणसाने माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी ती घेऊ दिली. नोकरी लागली. पेढे घेऊन तुमच्याकडेच आधी आले.

त्यानंतर तुम्ही निवृत्त झालात आणि घरात बसून ते नकाशे काढत सुटलात. दगड पूर्वी कसे होते ते आठवून, वहीच्या पानांवर, कॅलेंडरच्या पाठीवर. एकही दुसऱ्याशी जुळायचा नाही. मी आले की विचारायचा, "नसरीन, चौथा दगड उंच होता की पाचवा?" मी म्हणायची, आठवत नाही सर. "बघ, आठवून बघ. घाई नाई." मग तुम्ही स्वतःलाच बोल लावायचा, की त्याच दिवशी नकाशा काढायला हवा होता, डोळ्याचं निमित्त करून मी बसून राहिलो. तुमच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणायच्या, पुरे करा आता ते दगड. मी प्रत्येक वेळी आज सांगायचंच म्हणून यायची आणि चहा पिऊन जायची. शेवटच्या वेळी तर जिन्यावरून परत वर आले होते. तुम्ही दार उघडलंत, मी म्हणाले, छत्री राहिली. छत्री माझ्या हातातच होती सर. तुम्ही ती पाहिलीत, आणि "सांभाळून जा" म्हणालात.

तुम्ही गेल्यानंतर अकराव्या दिवशी, फेटाळलेल्या दाव्यावर टोल्याने केलेल्या अपिलाची सुनावणी होती. देवाजीभाऊ घरी आले. "बाई, सर तं नाई आता. तुमी दगड आंधी पाह्यले होते, तेवढं सांगा फक्त." मी म्हणाले, येते. सोनाबाईला जीपमध्ये मधे बसवून आम्ही गडचिरोलीला गेलो. तिने तिथंही सतरा नावं म्हटली. मग अधिकाऱ्यांनी फाईल चाळली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. "हे तुमच्या सरांचं बयान. याला तुमचा दुजोरा आहे?"

अक्षर तुमचंच होतं, डोळ्याच्या ऑपरेशननंतरचं, ओळी उताराला लागलेलं. दगड जमिनीत रोवलेले मी स्वतः पाहिले आहेत, असं पहिलं वाक्य. आणि दुसरं, दगड स्वच्छ करून नीट उभे करण्याचा निरोप मीच फोनवरून दिला, ग्रामस्थांचा त्यात दोष नाही. खाली सही आणि तारीख. आपण ओटा पाहून आलो, त्यानंतर चौथ्याच दिवसाची.

ज्या माणसाने विद्यार्थ्याच्या साध्या टिपणावरही स्वतः पडताळल्याशिवाय सही केली नाही, त्याने सरकारी कागदावर धडधडीत खोटं लिहिलं होतं. माझ्यासाठी. तुम्हाला चौथ्या दिवशीच सगळं माहीत होतं. मग दोन वर्षं तुम्ही मला चौथा आणि पाचवा दगड विचारत होता, ते काय विचारत होता सर? मला तुमचा संताप आला. भर ऑफिसात, तुम्हाला जाऊन अकरा दिवस झालेले असताना, तुमच्या नावाने ओरडावंसं वाटलं. एकदा दरडावून विचारलं असतंत तर मी तुमच्या पायाशी बसून सगळं ओकून टाकलं असतं.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. देवाजीभाऊ शेजारीच बसले होते. मी म्हणाले, "निरोप सरांनी दिला नाही. मी दिला. त्या दिवशी सर दवाखान्यात होते."

अधिकाऱ्यांनी टायपिंग थांबवायला सांगितलं. "म्हणजे सरांचं बयान खोटं आहे?"

"तेवढं वाक्य."

"एक वाक्य खोटं असेल, तर दुसरं खरं कशावरून मानायचं?"

  तुम्हीच तर आम्हाला हे विचारायला शिकवलंत. दगड मीही पाहिले होते, असं मी सांगितलं. तेही त्यांनी लिहून घेतलं आणि मला सही करायला लावली.

बाहेर पायऱ्यांवर देवाजीभाऊंनी गमछ्याने तोंड पुसलं. "सरायले मीच सांगतलं होतं बाई, त्याच हप्त्यात. झूठ नाई बोलवलं मले त्यायच्याशी. तं सर म्हने, तिले नोका विचारू, मी लिहून देतो." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तुमाले आताच काऊन बोलाचं होतं? दोन साल चूप होत्या नं? तुमचं मन हलकं झालं. आमच्या बांधीचं काय?" सोनाबाईने विचारलं, काय झालं.  तिला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही जीपमध्ये बसवलं. 

देवाजीभाऊ म्हणाले ते खरं आहे का, याचा मी रोज विचार करते. मी खरं बोलले ते टोल्यासाठी नव्हतं, हे मला कळतं. तुमच्या खोट्याच्या सावलीत पगार घेत बसणं मला सोसवलं नाही, म्हणून बोलले, आणि त्याची किंमत कदाचित वीस घरं देतील. पुढची तारीख पडली आहे. मी जाणार आहे, त्यांनी नेलं नाही तरी.

तुमच्या हातचा आता एकच सरकारी कागद उरला आहे आणि त्यात तुम्ही खोटे ठरला आहात, माझ्या सहीने. शंभर वर्षांनी कोणी ती फाईल उघडलीच, तर त्याला आपले दोन कागद शेजारी शेजारी सापडतील. तो दोन्ही पडताळेल, तारखा लावेल, दवाखान्याची नोंद मिळवेल, आणि तुम्हाला खोटारडा म्हणून मला प्रामाणिक ठरवेल. तुमच्या वर्गातला कोणताही चांगला विद्यार्थी असंच करेल. त्याला तिसरा कागद मिळावा म्हणून हे लिहिलं.